नसलेल्या मांजराचं घर

नव्या सोफ्याचा डावा हात भागीनं फाडला, त्या दिवशी नवाथ्यांच्या घरात कुणी कुणाला एक अक्षर मोठ्यानं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं श्रीकरला पुढे फार वेळा वाटलं.

त्याची बायको ऋजुता कामावरून आली आणि खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता सोफ्यासमोर उभी राहिली. फिकट राखाडी कापडातून आतला स्पंज बाहेर डोकावत होता. भागी खिडकीत बसून निवांतपणे पंजा चाटत होती. श्रीकरची आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात निवडायला घेतलेली कोथिंबीर तशीच धरून.

"मी शिवून टाकते गं," आई म्हणाली. "त्याच रंगाचा दोरा मिळेल."

"असू दे आई. शिवलेलं दिसतंच," ऋजुता म्हणाली आणि आत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता, आणि आईला तो रागापेक्षा जास्त लागला.

श्रीकरचे वडील, अण्णा, गेल्यावर फलटणचं भाड्याचं घर सोडून आई नाशिकला मुलाकडे आली, तेव्हा बरोबर एक बॅग, एक पोळपाट आणि ही भागी एवढंच घेऊन आली होती. भागी पांढरी, पाठीवर काळा डाग असलेली, तोंडाळ मांजर. फलटणच्या घरी मागच्या दाराशी आईनं एका फळीला गोणपाट गुंडाळून ठेवलं होतं, त्यावर ती मनसोक्त नख्या घासायची. इथे आल्यावर आईनं तशीच एक फळी केली होती आणि ती हॉलच्या कोपऱ्यात ठेवायचं सुचवलं होतं. "हॉलमध्ये कसं दिसेल ते, आई?" ऋजुतानं हसून विचारलं होतं. आईनं पुन्हा तो विषय काढला नाही. फळी गच्चीवर गेली, आणि भागी सोफ्यावर आली.

श्रीकर गंधरसायनाचा माणूस. नाशिकमधल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तो अत्तरांपासून जंतुनाशकांपर्यंत सगळ्यांचे वास जुळवत असे. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर एका बाजूला बायको गप्प, दुसऱ्या बाजूला आई गप्प, आणि मध्ये भाजीचं भांडं. त्याच्या मनात आलं, या दोघींच्या मधला हा काटा काढणं आपल्या हातात आहे. हे तर आपलंच काम!

मांजर नख्यांना धार लावतं असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. नख्यांवरचं जुनं कवच निघतं, पाठ ताणली जाते, हे आहेच. पण मांजराच्या पंजाच्या गादीत, बोटांच्या मधोमध, बारीक ग्रंथी असतात. ओरबाडताना त्यांतला स्राव त्या जागेला लागतो. माणसाच्या नाकाला तो कळत नाही. दुसऱ्या मांजराला मात्र तो लख्ख वाचता येतो, आणि पुसट होत आला की पहिलं मांजर स्वतःच येऊन तो पुन्हा ठळक करतं. ती एक सही असते. इथे मी राहते, एवढाच तिचा मजकूर.

तोवर बाजारात मिळणारी औषधं मांजराला पिटाळणारी होती. संत्र्याच्या सालीचा वास, चिकट पट्ट्या, दोन दिवसांत उडून जाणारे फवारे. श्रीकरनं उलटा विचार केला. मांजराला घाबरवायचंच कशाला? जागेवर सही आधीच झालेली असेल, दांडग्या मांजराची, अगदी ताजी, तर दुसरं मांजर तिथे नख लावणारच नाही.

एव्हाना, म्हणजे २०३९ साली, प्रयोगशाळेत कृत्रिम नाक आलेलं होतं. कुठलाही वास दिला की ते यंत्र त्याचे हजारो धागे सुटे करून दाखवी आणि सांगाल तसे पुन्हा विणूनही देई. श्रीकरनं शेकडो मांजरांच्या सह्या त्याला हुंगायला दिल्या आणि त्यांच्यातून एक नवीच सही विणून घेतली. ती कुठल्याच मांजराची नव्हती. जगात कधी जन्मालाच न आलेल्या एका बोक्याची होती. तरणा, धष्टपुष्ट आणि कायम आत्ताच येऊन गेलेला. मग ती सही टिकावी म्हणून त्यानं तिचे रेणू काचेच्या अतिसूक्ष्म पिंजऱ्यांत बसवले. हे पिंजरे कापडात, लाकडात, भिंतीच्या रंगात रुतून बसत. कुणी टेकलं, हात लागला, की त्या उबेनं थोडे रेणू बाहेर पडत. धुऊन जाणार नाही, उन्हानं उडणार नाही, वर्षानुवर्षं पुरेल. श्रीकरला त्या टिकाऊपणाचाच सगळ्यांत जास्त अभिमान होता.

पहिला फवारा त्यानं स्वतःच्या घरात मारला. सोफा, पडदे, दारांच्या चौकटी, कपाटं, एकही कोपरा सोडला नाही. दुसऱ्याच दिवशी भागी सोफ्याजवळ आली, तिनं तोंड किंचित उघडून वास घेतला, मांजरं टाळूतल्या खास इंद्रियानं घेतात तसा, आणि मागे फिरली. पुन्हा कधी तिनं त्या घरात कशालाही नख लावलं नाही.

ऋजुतानं सोफ्याला नवं कापड चढवलं. रविवारी तिनं भागीसाठी सुकट आणली, आईबरोबर बसून ती निवडली. श्रीकर दारातून बघत राहिला. त्याला वाटलं, जमलं.

कंपनीनं त्या द्रव्याला नाव दिलं 'निवांत'. चाचण्या झाल्या, त्यांत फर्निचर मोजलं गेलं. किती ओरखडे आधी, किती नंतर. मांजरं मोजायचं कुणाला सुचलं नाही. वर्षभरात 'निवांत' घराघरांत पोचलं. सोसायट्या जिन्यांच्या कठड्यांना मारू लागल्या. फर्निचरवाले पॉलिशमध्येच मिसळू लागले, रंगवाले रंगात. श्रीकरला बढती मिळाली. त्याच्या विभागप्रमुख अनुपमा केंकरे सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आईच्या मांजरासाठी लावलेला शोध आहे हा." टाळ्या पडल्या.

घरी ती मांजर एव्हाना आईच्या पलंगाखाली राहायला गेली होती.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. वय झालं, असं आई म्हणाली. मग भागीचं खिडकीत बसणं थांबलं. जेवणाच्या वेळी पायांत घोटाळणं थांबलं. ती रात्रीची भिंतीच्या कडेकडेनं येई, दोन घास खाई आणि परत जाई. एक दिवस तिच्या लघवीत रक्त दिसलं. श्रीकर आणि आई तिला टोपलीत घालून डॉ. आत्तार यांच्याकडे घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. खडा नाही, जंतू नाहीत. भागीच्या पोटावरचे केस चाटून चाटून गेले होते, तिथल्या गुलाबी कातडीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"घरात दुसरं मांजर आणलंत का?"

"नाही हो," आई म्हणाली. "ही एकटीच आहे."

"शेजारचं येतं? खिडकीतून वगैरे?"

"आठवा मजला आहे आमचा."

"मांजराच्या घरात दांडगं मांजर शिरलं, की धास्तीनं असं होतं," डॉ. आत्तार म्हणाल्या. "खाणं तुटतं, मूत्राशय सुजतं. हल्ली अशा फार यायला लागल्यात माझ्याकडे. सगळ्या घरांत एकेकटीच मांजर. मग यांना का वाटतंय, की कुणीतरी आलंय?"

श्रीकरला उत्तर ठाऊक होतं. त्यानं टोपलीचं झाकण लावलं. परत येताना विनाचालक रिक्षात आई टोपलीवर हात ठेवून बसली होती. "धास्ती कसली रे घेतलीन हिनं?" ती दोनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो केंकरे मॅडमच्या केबिनमध्ये गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एका मांजरावरून विक्री थांबवता येत नाही, श्रीकर. अभ्यास करू या. पुरावा आण." त्या खोटं बोलत नव्हत्या. अभ्यास झाला, पुरावा आला, विक्रीही थांबली. पण त्या सगळ्याला दीड वर्ष गेलं, आणि तोवर जे लागायचं ते लागून गेलं होतं.

घरात मात्र श्रीकर त्याच संध्याकाळी कामाला लागला. साबण, सोडा, स्पिरिट, प्रयोगशाळेतली जहाल द्रावणं. पिंजरे फुटले की उलट आतला वास भसकन बाहेर पडे आणि भागी आणखी आत सरके. त्यानं सोफा काढून टाकला, पडदे काढले. कृत्रिम नाकाचा छोटा संच आणून भिंतीला लावला. भिंत त्या बोक्याची होती. चौकट, फरशीच्या सांधी, लिफ्ट, जिना, सगळं त्याचंच. मित्राकडे चार दिवस ठेवावं म्हणून भागीला नेलं, तर तिथेही टोपलीतून बाहेर यायला तयार नाही. त्या घरच्या पॉलिशमध्येही तोच होता.

गंगापूर रोडच्या पुढे बांधकाम बंद पडलेली एक इमारत होती. एका संध्याकाळी तिथून जाताना श्रीकरला पहिल्या मजल्याच्या उघड्या स्लॅबवर मांजरं दिसली. तो थांबून आत गेला. दहा नव्हे, वीस नव्हे, सगळीकडे मांजरंच. कुणाच्या गळ्यात पट्टा, कुणाला घुंगरू. घरची मांजरं होती ती, कुणी कुणी शोधतही असेल. अरुंद जागेत एकमेकांवर गुरगुरत, कान फाटलेली, डोळे आलेली. रंग नसलेली, पॉलिश नसलेली तेवढीच एक जागा उरली होती. स्लॅब ओतताना लावतात त्या सेंट्रिंगच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या, त्यांवर बोट ठेवायलाही जागा नव्हती इतके ओरखडे. एक तांबडं मांजर मागच्या पायांवर उभं राहून फळीवर नख्या घासत होतं. त्याचं घासून संपतं न संपतं तोच दुसरं मांजर त्याला ढकलून त्याच जागी घासायला लागलं.

श्रीकरनं ढिगाच्या तळाशी उरलेली एक कोरी फळी उचलून घरी आणली. ऋजुतानं ती पाहिली आणि काही न विचारता माळ्यावरचं गोणपाट काढलं. दोघांनी ते फळीभोवती घट्ट गुंडाळलं. "मध्येच ठेव," ती म्हणाली. "हॉलच्या मधोमध." तिचे डोळे भरले होते. "मी तेव्हाच ठेवू दिलं असतं तर रे..."

भागी बाहेर आली नाही. तिला आणायला श्रीकर आईच्या पलंगाखाली सरपटत गेला. अंधारात आधी तिचे डोळे दिसले. मग ती कशाला टेकून बसली आहे ते दिसलं. आईची फलटणहून आणलेली बॅग. अंगावरची नि धुण्यातली अशी चार पातळं सोडली, तर आईचं सगळं त्या बॅगेतच होतं. घड्या घातलेली लुगडी, अण्णांचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळलेला, स्वेटर. नाशिकला येऊन तिला तीन वर्षं झाली होती. शेजारी भलंमोठं कपाट रिकामं उभं होतं.

तो बाहेर येऊन जमिनीवरच बसला. "आई, तू कपाट का नाही गं वापरलंस?"

"राहिलंच," आई म्हणाली. "लावू लावू म्हणता राहून गेलं."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. तो बोका, ती सही, ते पिंजरे. आई लक्ष देऊन ऐकत होती, लहानपणी त्याचा पाठ ऐकायची तशी.

"म्हणजे या घरात एक मांजर आहे, आणि ते नाहीच आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि हिला वाटतं, आपण त्याच्या घरात राहतोय."

"हो, आई."

आईनं वाकून पलंगाखाली हात घातला. भागीनं तो हुंगला. "दमली असेल रे ती," आई म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात बेतानं वावरायचं, म्हणजे माणूससुद्धा दमतं." तिनं हे त्याला टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण म्हणून झाल्यावर तिच्याही ते लक्षात आलं, आणि ती गडबडीनं म्हणाली, "चहा टाकू का तुला? गॅस लावू ना?"

स्वतःच्या मुलाच्या घरात तीन वर्षं ती गॅस लावायचं विचारत आली होती. श्रीकरला ते त्या दिवशी ऐकू आलं.

आठवड्याभरानं आईनं फलटणला फोन लावला. बाणगंगा नदीपलीकडे सिंधूताई ननावरे म्हणून तिची जुनी मैत्रीण राहत होती. तिच्या परसात एक खोली होती, पूर्वी कडबा ठेवायची. मातीच्या भिंती, बाभळीचं दार, रंगाचा हात कधी लागलेला नाही. "भागी बरी होईपर्यंत जाते," आई म्हणाली. ऋजुतानं तिचे दोन्ही हात धरले. "आई, नका ना जाऊ. हे घर तुमचं आहे." आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "माहितीये गं मला. तू वाईट नाहीस. कुणीच वाईट नाही."

नाशिक सोडल्यापासून टोपलीत भागीचा आवाज नव्हता. खोलीच्या दारात आईनं झाकण काढलं. भागी बराच वेळ बसून राहिली. मग एक पाय बाहेर, मग दुसरा. तिनं उंबरा हुंगला, भिंत हुंगली, तोंड उघडून दाराचा वास घेतला. पुन्हा घेतला. तिथे कुणीच नव्हतं. ती मागच्या पायांवर उभी राहिली, बाभळीच्या दारावर पुढचे पंजे टेकवले आणि कर्रकन नख्या खाली ओढल्या.

आईला हुंदका आवरेना. "बघ रे, बघ," ती म्हणत होती. श्रीकर बॅग घेऊन आनंदानं आत शिरला.

भागीची पाठ ताठ झाली. ती फिस्कारली, भिंतीला आपटली आणि कोपऱ्यातल्या मडक्यांमागे जाऊन बसली.

मग श्रीकरला कळलं. इतकी वर्षं तो त्या द्रव्यात हात घालत होता. ते पिंजरे त्याच्या कातडीत रुतले होते, केसांत, नखांच्या मुळांशी. अंगाची ऊब लागली की त्यातून तो बोका येत होता. आईचे कपडे बॅगेतच राहिल्यामुळे बचावले होते, आणि तिनं ते द्रव्य कधी हाताळलं नव्हतं. तो नव्हता बचावला.

तो मागे सरकला आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला. आईनं एकदा मडक्यांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"बस बाबा, तिथे पायरीवर बस," ती म्हणाली. "मी चहा बाहेरच आणते."

मग तसंच ठरून गेलं. श्रीकर महिन्यातून एकदा जाई. वेशीवरच्या लॉजवर घासून घासून आंघोळ करी, कोरे कपडे घाली, आणि तरी पायरीवरच बसे. आई आतून बोलायची, तो बाहेरून. ती सुधारली होती. खोलीत तिनं खिळे ठोकले होते, अण्णांचा फोटो लावला होता, न विचारता चहा करत होती. भागीच्या पोटावर पुन्हा केस आले. दाराची खालची बाजू ओरखड्यांनी पांढरी झाली होती. परत चल, असं श्रीकरनं एकदाच म्हटलं. "तिला कुठे ठेवू?" आईनं विचारलं. त्यानंतर त्यानं म्हटलं नाही. प्रयोगशाळेत तो आता उतारा शोधत होता. वर्षं जात होती, उतारा सापडत नव्हता.

तिसऱ्या हिवाळ्यात सिंधूताईंचा फोन आला. आईला न्यूमोनिया झाला होता, दवाखान्यात जायला तयार नव्हती. श्रीकर पोचला तेव्हा दुपार होती. दारातून त्याला आई दिसली, भिंतीकडे तोंड करून निजलेली, श्वासाबरोबर पांघरूण वरखाली होत होतं. भागी तिच्या पायांशी. तो उंबऱ्यात थांबला. मग चपला काढून आत गेला.

भागीनं मान वर केली. पळायला तिनं घाई केली नाही. म्हातारी झाली होती. तिनं आईच्या पायांवरून उडी मारली, खिडकीवर चढली, आणि बाहेरच्या पांदीच्या वाटेनं दिसेनाशी झाली.

डॉक्टर आले, सलाईन लागलं. श्रीकर दोन दिवस आईच्या उशाशी बसून होता. तिचं डोकं मांडीवर घ्यायला त्याला कितीतरी वर्षांनी मिळालं होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आईनं डोळे उघडले, त्याला पाहून हसली. मग पायांशी चाचपलं.

"भागी?"

"बाहेर गेलीये. येईल."

आईनं खिडकीकडे पाहिलं. "कधी गेली?"

"मी आलो तेव्हा."

आई त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "सिंधू आहे माझ्याजवळ. तू नीघ आता."

"आई, तुला अजून उठून बसवत नाही."

"बसवेल. तू इथं आहेस तोवर नाही यायची रे ती. थंडीची कुठं बसली असेल." तिचा आवाज फुटला. "माझ्या पोटचा तू. मला तुला नीघ म्हणायला लावू नकोस परत."

तो उठला. तिचं पांघरूण नीट केलं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. खिडकी उघडी ठेवली. सिंधूताईंनी सगळी जमीन शेणानं सारवून घेतली, तो जिथे जिथे बसला होता तिथे जरा जास्तच.

संध्याकाळी त्यानं गाडीतूनच फोन केला. "आली का गं?"

"आली रे," आई म्हणाली. "केव्हाच आली. कुशीत झोपलीये. तू जेवून घे."

पुढच्याच खेपेला सिंधूताईंनी त्याला गुपचूप सांगितलं, भागी त्या दिवशी आली नव्हती, नंतरही नाही. आई बरी होऊन वर्षभर जगली. दर महिन्याला तो जाई तेव्हा ती दार ओढून घेऊन स्वतःच बाहेर पायरीवर येऊन बसे. आत भागी झोपलीये, म्हणे, उठवायला नको. आणि श्रीकर, सगळं ठाऊक असूनही, आवाज खाली आणून बोलत असे.